कॉगलानांचा हेडवे

रेविन कॉगलानला समुद्राची भीती बेताचीच वाटायची. वादळ आलं की ती वादळाला शिव्या द्यायची, मासळीने दगा दिला की मासळीला. तिला भीती वाटायची ती आपल्याच बोटीच्या इंजिनाची. बाहेर खोल पाण्यात असेपर्यंत ठीक असायचं. पण ग्रेमाउथ बंदरात परतताना नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडायची वेळ आली की तिचं सगळं लक्ष पायाखालच्या फळ्यांत जायचं. खाली इंजिन जरा खोकलं की ती सुकाणूचं चाक घट्ट धरायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई, चारचौघांत कुणाला भीक न घालणारी, आणि लाटेवर असताना इंजिनापुढे मनातल्या मनात गयावया करायची.

त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी याच दांड्यावर, याच 'कोटुकू' बोटीचं इंजिन ऐन लाटेवर बंद पडलं. बोट आडवी झाली, कलंडली, पुन्हा सरळ झाली, पण तेवढ्यात रेविनचा धाकटा भाऊ ब्रेंडन पाण्यात गेला. तो तीन दिवसांनी ब्लेकटाऊनच्या किनाऱ्यावर सापडला. सुकाणूवर त्यांचे वडील होते, डेस कॉगलान. इंजिनाने दगा दिला, असं त्यांनी चौकशीत सांगितलं आणि सगळ्या बंदराने ते मानलं. डेस कॉगलानचा शब्द म्हणजे तिथे दगडावरची रेघ होती.

अपघाताच्या पंधरा दिवस आधी इंजिन उघडून पुन्हा जोडलं होतं बंदरातला मेकॅनिक लेस्टर फिनीने. त्याला कुणी तोंडावर काही बोललं नाही. त्या किनाऱ्यावरची माणसं तोंडावर बोलत नाहीत. त्यांनी फक्त आपली इंजिनं त्याच्याकडे न्यायची बंद केली. लेस्टर नदीपलीकडे कॉबडनला गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत बसला. पण कोटुकू परत यायची असली की तो आपली तपकिरी गाडी घेऊन मुखाजवळच्या दगडी बंधाऱ्याच्या टोकाला यायचा, इतरांपासून चार हात लांब उभी करायचा, आणि बोट आत आली की कुणाशी न बोलता निघून जायचा.

त्या गुरुवारी दुपारी बंधाऱ्याच्या टोकाला पंधराएक गाड्या लागल्या होत्या. तिथली रीतच आहे. दांडा खवळला आणि एखादी बोट आत यायची असली की लोक जेवण अर्धवट टाकून गाड्या काढतात आणि काचांवरचे वायपर चालू ठेवून मुखाकडे बघत बसतात. बोट सुखरूप आत शिरली की सगळ्या गाड्या एकदा हॉर्न वाजवतात. तोवर चिप्सची पुडी मांडीवर थंड होत असली तरी कुणी तोंडात टाकत नाही.

रेविन त्या गाड्या दुर्बिणीतून बघत होती. ती बाहेर मैलभर अंतरावर बोट कशीबशी लाटांना तोंड देऊन धरून होती. पाच दिवस ट्यूनामागे हिंडून मासळी भरपूर मिळाली होती, आणि सकाळी लक्षात आलं की बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीच्या बाहेर जातो तिथून पाणी आत येतंय. पंप चालू होता. पाणी पंपापेक्षा जास्त चालू होतं.

वर डोंगरात दोन दिवस पाऊस कोसळल्यामुळे नदी तांबडी होऊन बाहेर धावत होती. समोरून समुद्राच्या लाटा येत होत्या. दोघांची गाठ दांड्यावर पडत होती आणि तिथे पाणी भिंतीसारखं उभं राहत होतं. बाकीच्या बोटी शहाण्यासारख्या सकाळीच उत्तरेला वेस्टपोर्टकडे गेल्या होत्या. कोटुकूला तिथवर सात तास लागले असते. बचावाचं हेलिकॉप्टर डोंगरात कुणा गिर्यारोहकाला उचलायला गेलं होतं, दोन तासांच्या आत येणं शक्य नव्हतं. आणि इंजिनापर्यंत पाणी चढायला तास पुरे होता.

खालून तियाकी वर आला. तो कोटुकूवर सहा वर्षं कामाला होता, धिप्पाड माणूस, तीन मुलींचा बाप. तो म्हणाला, "स्किपर, पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. आता माझा गुडघा कुठे असतो ते तुला माहितीये. तुझ्या तर कमरेला लागलं असतं."

"इंजिनाचा पट्टा?"

"अजून कोरडा आहे. पण जास्त वेळ नाही राहायचा. एकदा भिजला की सगळ्या इंजिनावर पाणी उडवणार. जायचं तर आत्ता जाऊ." मग जरा थांबून तो म्हणाला, "माझ्या थोरलीचा उद्या वाढदिवस आहे. मी केक आणणार म्हणून सांगून आलोय. नाही आणला तर ती मला बुडवेल, तेव्हा समुद्राचे कष्ट वाचव."

रेविनला हसू आलं नाही. तिने रेडिओचा माईक उचलला. बंधाऱ्यावरच्या निळ्या गाडीत तिचे वडील बसलेले होते, नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर रेडिओ. फुप्फुसं कामातून गेल्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी बोट तिच्या हवाली केली होती. बोट सोडली, पण बोटीवर बोलायचं काही सोडलं नव्हतं.

"डॅड, मी येतेय."

"बघतोय मी." दोन शब्दांमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मोठ्या लाटा तीन-तीनच्या येतायत. मी मोजतो. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

हे सगळं बोलणं उघड्या वाहिनीवर चाललेलं होतं. ग्रेमाउथमध्ये तो रेडिओ मासळीच्या शेडमध्ये असतो, दारूच्या गुत्त्यात असतो, कितीतरी घरांत पावाच्या डब्याशेजारी असतो. बोलणारी दोन माणसं आणि ऐकणारं अख्खं बंदर. त्यामुळे तिथे कुणी खाजगी काही बोलत नाही.

आता कॉगलानांच्या घरातल्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण त्या दुपारी दोन जिवांचं ओझं त्याच्यावर पडलं. तो शब्द म्हणजे हेडवे. बोटीची पुढची चाल. तुम्हाआम्हाला वाटेल, बोट पुढे चालली म्हणजे चालली, त्यात काय एवढं? डेस कॉगलानसमोर असं म्हणून बघायचं होतं. रेविन आठ वर्षांची असताना त्यांनी तिला नदीवर नेलं, खाऊन उरलेला सफरचंदाचा गाभा पुरात फेकला आणि विचारलं, याला हेडवे किती? गाभा सुसाट निघाला होता. रेविन म्हणाली, खूप. डेस म्हणाले, शून्य. "नदी पळतेय, गाभा नाही. पाण्याला कापत जाईल तो हेडवे. पाण्याबरोबर वाहत गेलं त्याला ओंडका म्हणतात."

मग सगळं त्यावरूनच. काठावरची झाडं किती भराभर मागे जातात ते बघायचं नाही. सुकाणूवरून पाणी वाहतंय का ते बघायचं, कारण वाहत्या पाण्याचंच सुकाणू ऐकतं. हेडवे गेला की चाक हातात असून नसल्यासारखं, कितीही फिरवा. टीव्हीवर कुणी मंत्री म्हणाला की वाटाघाटींमध्ये हेडवे झाला, तर डेस ताटावरून मान वर न करता विचारायचे, "कुठल्या पाण्यातून?" आई एकदा बोलून गेली की इस्त्रीच्या ढिगाऱ्यात जरा हेडवे दिसतोय. तिला मात्र त्यांनी माफ केलं. रेविन स्किपरच्या परीक्षेला बसली तेव्हा परीक्षकाने हेडवे म्हणजे काय विचारलं आणि तिने सफरचंदाचा गाभा सांगितला. परीक्षक हसला आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही डेसच्या कन्या.

तर असा माणूस. त्याने सांगितलं इंजिन बंद पडलं, म्हणजे पडलंच असणार.

"तिसरी गेली," रेडिओ म्हणाला. "नीघ."

रेविनने रेसची मूठ पुढे सारली. कोटुकूने नाक मुखाकडे वळवलं. तियाकी केबिनमध्ये तिच्या मागे, दोन्ही हातांनी छताची कांब धरून उभा राहिला. त्याचे विनोद संपले होते, आणि तेच रेविनला सगळ्यात भयंकर वाटलं.

आधी नदी लागली. तांबडं पाणी दोन्ही अंगांनी सळसळत मागे जात होतं आणि बंधाऱ्यावरचे दोन पांढरे खांब, ज्यांची रेघ धरून आत यायचं, ते जागचे हलत नव्हते. एक मिनिट झालं, दीड झालं. खांब तिथेच. मागे कुठेतरी पुढच्या तीन लाटा तयार होत असणार आणि आपण एका जागी खिळलोय, या विचाराने तिने माईक उचलला.

"डॅड, मी पुढे सरकत नाहीये."

"खांबांकडे बघू नको. चाक कसं लागतंय?"

तिने चाक थोडं फिरवून बघितलं. जुनं साखळीचं चाक, हाताला सगळं सांगणारं. "जड."

"मग हेडवे आहे. नदी अंगावर येतेय, म्हणून खांब हलेनात. तुझं सुकाणू ऐकतंय. आहे तशीच चालत राहा."

ती तशीच चालत राहिली. हळूहळू खांब सरकले. आणि तेवढ्यात खाली पट्टा भिजला.

इंजिनाचा आवाज बदलला. फटफटीच्या नळीत पाणी गेल्यावर होतो तसा तो चिरकला, फळ्यांखालून पाणी उडाल्याचे सपकारे ऐकू आले, आणि मग खोकला. एकदा, दोनदा. अकरा वर्षं ती ज्या आवाजाची वाट बघत होती तो हाच होता. त्याच क्षणी मागून पहिली लाट आली आणि तिने कोटुकूला शेपटाकडून उचललं. नाक खाली गेलं. बोट धावत सुटली, खांब धावत अंगावर आले, बंधाऱ्याचे काळे दगड एकेक करून मोजता येतील इतके जवळ झाले. खाली इंजिन गुदमरतंय, त्याला जरा दम घेऊ दिला नाही तर बंद पडेल, एवढंच रेविनच्या डोक्यात होतं. तिच्या हाताने रेसची मूठ मागे ओढली.

चाक हलकं झालं. एकदम, हातात काहीच नसल्यासारखं. तिने ते डावीकडे फिरवलं, कोटुकूचं नाक उजवीकडेच जात राहिलं. तियाकी मोठ्याने काहीतरी म्हणाला, ते त्याच्या भाषेत होतं, बहुधा देवाला. बोट एका अंगावर कलत गेली, खिडकीत आभाळाऐवजी पाणी आलं. पण नशीब असं की ती लाट फुटली नाही. खालून सरकून पुढे निघून गेली आणि कोटुकू तिरकी, डुलत, मागे उरली.

"रेस खाली घेतलीस?" रेडिओ विचारत होता. "रेविन, धूर कमी झाला. रेस का घेतलीस खाली?"

तिने कसंबसं नाक सरळ केलं. मागे बघितलं तर दुसरी लाट उठत होती, पहिलीपेक्षा उंच, आणि तिच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं होतं. "इंजिन जातंय, डॅड. पाणी लागलंय त्याला. जोर दिला तर बंद पडेल. ब्रेंडनच्या वेळेसारखं बंद पडेल."

रेडिओवर नुसती खरखर राहिली. तिला वाटलं, वडिलांचा श्वास अडकला. ती खरखर फार तर तीन-चार सेकंदांची असेल, पण पुढे कित्येक वर्षं बंदरातले लोक त्या खरखरीबद्दल बोलताना हात थांबवून बोलत.

मग डेस कॉगलान बोलले, एकेक शब्द श्वासातून काढून.

"त्या दिवशी इंजिन बंद पडलं नव्हतं. इंजिन चांगलं चालत होतं. मी घाबरलो. दगड अंगावर येताना दिसले आणि मी रेस खाली ओढली, तू आत्ता ओढलीस तशी. हेडवे गेला. सुकाणू गेलं. ब्रेंडनला मी घालवलं, इंजिनाने नाही. ऐकलंस? ते इंजिन बंद पडत नाही. मूठ पुढे ढकल, पोरी. पूर्ण."

रेविनला ते ऐकू आलं आणि समजलंही, पण त्यावर विचार करायला वेळ नव्हता. लाट खाली शिरली होती. नाक पुन्हा खाली गेलं, दगड पुन्हा धावत आले. इंजिन खोकत होतं. तिचा हात, तिचं पोट, तिची अकरा वर्षं एकच सांगत होती की मागे ओढ. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, भाऊ गेला त्या दिवशीही नाही, कारण तेव्हा ती घरी बटाटे सोलत होती.

तिने मूठ पुढे ढकलली, टोकाला लागेपर्यंत.

इंजिन खोकलं, किंचाळलं आणि चालीला लागलं. कोटुकू आणखी जोरात सुटली. हा वेडेपणा आहे, आपण दगडांवर आपटायला जातोय, असं तिचे डोळे तिला सांगत होते. तिने डोळ्यांचं ऐकायचं सोडलं आणि हातांकडे लक्ष दिलं. लाटेचा माथा मागे फुटला, केबिनची मागची काच फुटून कमरेइतकं पाणी आत आलं, तियाकी गुडघ्यांवर पडला. आणि त्या सगळ्या गदारोळात तिच्या तळव्यांखाली चाक जड झालं. थोडं, मग चांगलंच जड. तिने ते डावीकडे घेतलं आणि बोटीचं नाक डावीकडे गेलं.

उजवीकडून बंधाऱ्याचं टोक मागे गेलं. त्यावर ओळीने गाड्या उभ्या होत्या. मग पाणी सपाट झालं.

एकही हॉर्न वाजला नाही.

रेविनच्या आधी ते लक्षातच आलं नाही. मग आलं. पंधरा गाड्या, सगळ्यांचे दिवे चालू, वायपर चालू, आणि सगळ्या गप्प. निळी गाडी दिसली, काचेवर वाफ धरलेली. तिच्यापासून चार हातांवर लेस्टरची तपकिरी गाडी उभी असायची. ती जागा रिकामी होती.

"आलो की आपण," तियाकी खालून म्हणाला. तो अजून गुडघ्यांवरच होता आणि त्याचे दात वाजत होते. "हे लोक मेले की काय?"

धक्क्यावर चार माणसं पंप घेऊन तयार होती. त्यांनी दोर घेतले, पंप लावले, रेविनच्या खांद्यावर कुणीतरी सुकं जॅकेट टाकलं. डोळ्यांत मात्र कुणी बघेना. मग ती माणसं बाजूला झाली. त्यांच्यामधून लेस्टर फिनी आला. पासष्टीचा, बारीक, हातात हत्यारांची पेटी. तो शिडी उतरला, अकरा वर्षांत पहिल्यांदा कोटुकूवर पाय ठेवला, आणि रेविनकडे न बघता थेट इंजिनाकडे खाली गेला.

रेविन त्याच्या मागे जाऊन इंजिनाकडे उतरायच्या झडपेशी उभी राहिली. तिचा उजवा हात अजून मुठीसारखा वळलेला होता, उघडत नव्हता. लेस्टर मांडीइतक्या पाण्यात उतरला, शाफ्टपाशी ओणवा झाला, चिंध्या आणि दोर कोंबत बराच वेळ काम करत राहिला. पाणी यायचं जवळजवळ थांबलं. मग तो सरळ झाला आणि त्याने चालत्या इंजिनाच्या पाठीवर हात ठेवला.

"हे मी मनात रोज उघडतोय," तो म्हणाला. "अकरा वर्षं. रोज सकाळी एकेक नट काढतो आणि बघतो, माझं कुठे चुकलं. मला कधीच सापडलं नाही. मला वाटायचं, मी मुद्दाम बघत नसेन."

रेविनला वडिलांचा इतका राग आला होता की रडू येत होतं, आणि ते दोन्ही एकमेकांत इतके मिसळले होते की वेगळे काढता येत नव्हते. हेही तिला कळत होतं की ती जिवंत उभी होती ती त्यांनी अख्ख्या बंदरासमोर तोंड उघडलं म्हणून. आणि त्यांनी ते अकरा वर्षांपूर्वी उघडलं असतं तर आज तिने मूठ मागे ओढलीच नसती.

वर केबिनमध्ये रेडिओ खरखरला.

"रेविन." डेसचा आवाज. ते अजून बंधाऱ्यावरच होते. "बोट बांधली?"

तिने वर जाऊन माईक घेतला. "बांधली. लेस्टर खाली आहे."

खरखर. श्वास. "तो काय म्हणतोय?"

रेविनने माईकची वायर ताणून तो झडपेतून खाली धरला. लेस्टरने काळे हात पँटला पुसले, माईक घेतला आणि बटण दाबायला कितीतरी वेळ लावला. शेडमध्ये, गुत्त्यात, पावाच्या डब्यांशेजारी सगळे रेडिओ वाट बघत होते. मग त्याने माईक इंजिनाजवळ नेला, बटण दाबलं आणि काही न बोलता तसाच धरून ठेवला, मिनिटभर, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जावं.

"चालू आहे, डेस," शेवटी तो म्हणाला, आणि बटण सोडलं.